पुढचं डावं

दर मंगळवारी माझी पावाची गाडी
दोनात्सच्या फाट्यावर थांबते.
दोन काळे पाव, मिठाचा पुडा, काडेपेट्या.
या मंगळवारी त्याने पाव मागितलाच नाही.
म्हणाला, लिगिता, गाडीत टायर आहे का?

मी हसले. तो हसला नाही.

निळा ट्रॅक्टर अर्ध्या शेतात गुडघा टेकून बसला होता,
पुढचं डावं चाक नुसत्या रिमवर,
रबर बाजूने उललेलं, हिवाळ्यातल्या टाचेसारखं.
मागे बटाट्याच्या नऊ सऱ्या,
पुढे नांगरून ठेवलेली, वाट बघणारी जमीन.
आणि लाटव्हियातला मे महिना म्हणजे
चहा न घेता उठणारा पाहुणा.

रेझेक्नेच्या दुकानातल्या पोराने आकडा विचारला होता.
आकडा चाळीस वर्षं मातीने चाटून खाल्लेला.
बोटांनी चाचपलं तर शेवटचा सोळा लागतो,
त्याआधीचं सगळं गुळगुळीत.
आणि जोडीनेच मिळतील, पोरगं म्हणालं.
माझा एकच फाटलाय.
आजोबा, चप्पल एकच तुटली तरी जोडच घेता ना?
शिवून घेतो, दोनात्स म्हणाला,
आणि रिकाम्या हाताने बसमध्ये बसला.

मला त्याने सुतळी दिली. तिला दोन गाठी:
एक रुंदीची, एक उंचीची.
म्हणाला, कुठे दिसला तर लावून बघ.

मग मी पाव विकत आणि सुतळी लावत फिरले.
शाळेमागच्या बाई म्हणाल्या, टायर होता,
आता हंस आहे.
खरंच होता: कापून, उलटा करून, पांढरा रंग दिलेला,
मान जरा जास्तच वाकलेली.
लाकूडगिरणीतल्या विताउत्सकडचा दोन बोटं मोठा निघाला,
तो तरी म्हणे, ठोकून बसव, बसेल.
तळ्याच्या धक्क्यावर होड्या टेकायला बांधलेला एक,
हात लावला तर काळा चुरा बोटांवर आला.
सुतळी माझ्या खिशात, पावाच्या कोंड्यात मळत गेली.

शेवटचा थांबा गेनोवेफा.
अंगणात, गुजबेरीच्या झुडपापाशी आडवा टायर,
आत माती, मातीत डेलियाचे कंद.
बाजूच्या तिन्ही धारा कोऱ्या, जमिनीला कधी न लागलेल्या.
मी गुडघ्यावर बसले. पहिली गाठ बरोबर.
दुसरीही.

कुणासाठी मोजतेस, तिने विचारलं.
मी सांगितलं.
अकरा वर्षांत तिने ते नाव घेतलं नव्हतं,
तेव्हाही घेतलं नाही.
त्याच ट्रॅक्टरचा आहे, म्हणाली.
माझ्या इझिदोर्सने आणून ठेवला होता, पुढे लागेल म्हणून.
ट्रॅक्टर दोघांनी मिळून घेतला होता ना?
इझिदोर्स गेला. ट्रॅक्टर तिकडे राहिला, टायर इकडे.

फावडं मात्र तिने स्वतःच आणलं.
कंद माझ्या पावाच्या ट्रेमध्ये एकेक करून ठेवले,
अंडी ठेवावीत तसे.
टायर उभा केला, आतला पाणसाप झटकला,
आणि गाडीत टाकताना म्हणाली,
त्याला सांग, अर्धा ट्रॅक्टर माझा आहे.
कुठला अर्धा, मी विचारलं.
तिने ओठ मिटून जरा विचार केला.
डावा.

दोनात्सला मी तेच सांगितलं.
तो रिमवरचा गंज खरवडत होता. थांबला.
डावा, म्हणाला. बरोबर आहे.
इझिदोर्स तिकडेच बसायचा, मडगार्डवर.

कोरा डावा, झिजका उजवा.
ट्रॅक्टरचं नाक आता जरासं उजवीकडे ओढतं.
स्टिअरिंग धरून धरून त्याचा खांदा भरून आला,
तरी शेवटच्या सऱ्या वाकड्याच पडल्या,
त्याने पुन्हा सरळ केल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी गेनोवेफाने पाव घेतला,
सुटे पैसे मोजले, पुन्हा मोजले,
आणि तोंड फिरवून विचारलं,
डाव्या बाजूच्या किती सऱ्या झाल्या?

मी मोजल्या नव्हत्या.
ट्रेच्या कोपऱ्यात अजून तिची माती होती.